विकर तर कापते. मग ते चेतापेशीला जगवते कसे?

उदगीरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी उदगीर परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात पचनाची विकरे, म्हणजे एन्झाइम, शिकवत होतो. लाळेतील अमायलेज पिष्टाचे तुकडे करते, जठरातील पेप्सिन आणि स्वादुपिंडातील ट्रिप्सिन प्रथिनांचे तुकडे करतात, असे सगळे नेहमीप्रमाणे चालले होते. ओघात मी बोलून गेलो की पेशी अशी विकरे केवळ पोटातच स्रवतात असे नाही, मेंदूतही स्रवतात आणि त्यांच्यावाचून काही चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, जगू शकत नाहीत. त्यावर शेवटच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, जे कापतंय ते जगवंल कसं?"

तिचे वडील डाळ मिलमध्ये कामाला आहेत आणि तिला यंत्राच्या पात्यांविषयी माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे, हे मला ठाऊक होते. मी काहीतरी अर्धवट उत्तर दिले आणि तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचलो. पुढच्या सोमवारी तिला नीट उत्तर द्यायचे आहे. पेशीच्या आत राहून काम करणाऱ्या विकरांविषयी नव्हे, तर पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या, म्हणजे स्रवणाऱ्या विकरांविषयी मी विचारतो आहे. जाणकारांनी लिहावे, अनुभव असतील तर तेही लिहावेत.

मोसंबी_बागायतदार

मास्तर, आमच्या अंबड भागात या प्रश्नाला कोणी प्रश्न म्हणणार नाही. मोसंबीच्या झाडावरची सल वेळेवर काढली नाही, तर वाळक्या फांदीतून रोग शिरतो आणि हिरवे झाडही जाते. कापणे आणि जगवणे यांत आम्हाला विरोध दिसत नाही. तुमच्या विद्यार्थिनीला एकदा बागेत पाठवा.

पेशीप्रेमी

मोसंबी_बागायतदार यांचे म्हणणे खरे आहे, परंतु ते उत्तराचा एकच भाग सांगते. मी मूळचा परभणीचा असून काही वर्षे पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेतापेशींना जिवंत राहण्यासाठी सतत एक निरोप मिळावा लागतो. गर्भावस्थेत आवश्यकतेपेक्षा पुष्कळ अधिक चेतापेशी तयार होतात. ज्यांच्या अक्षतंतूंना, म्हणजे पेशीतून निघणाऱ्या लांब धाग्यांना, योग्य ठिकाणी पोहोचून तेथून हा निरोप मिळतो त्या टिकतात आणि उरलेल्या स्वतःहून मरतात. निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनांपैकी सर्वांत प्रथम सापडले ते चेतावर्धक घटक, ज्याला सर्वत्र एनजीएफ म्हणतात. याच कुळातील दुसरे महत्त्वाचे प्रथिन बीडीएनएफ. ते १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. ही प्रथिने पेशी एकदम अंतिम रूपात तयार करत नाही. आधी एक लांब, कच्चे रूप तयार होते आणि त्याचा पुढचा भाग कापला गेल्यावरच पक्के प्रथिन हाती येते. पूर्वी समजूत अशी होती की कच्चे रूप निरुद्योगी असते, जणू सालीसकट तूर, जी भरडल्याशिवाय डाळ होत नाही. २००१ साली असे दिसून आले की कच्चे एनजीएफ निरुद्योगी नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील वेगळ्याच ग्राहीला (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला), पी७५ नावाच्या ग्राहीला, घट्ट चिकटते आणि पेशीला मरणाचा आदेश देते. पक्के एनजीएफ मात्र ट्रक-ए नावाच्या ग्राहीला चिकटते आणि जगण्याचा आदेश देते. म्हणजे एकाच जनुकापासून निघालेले एकच प्रथिन कापण्याआधी मारते आणि कापल्यावर जगवते.

हे कापण्याचे काम कधी पेशीच्या आतच होते, तर कधी पेशीबाहेर आल्यावर प्लाझ्मिन आणि धातूवर अवलंबून असणारी मेटॅलोप्रोटिनेज ही स्रवलेली विकरे करतात. तेव्हा विद्यार्थिनीला असे सांगता येईल की विकर चेतापेशीला कापत नाही, तिच्यापर्यंत येणाऱ्या निरोपाला कापते, आणि कापल्याने निरोपाचा अर्थच उलटा होतो.

शंकासुर

पेशीप्रेमी, विवेचन आवडले, परंतु तुमचा तुरीचा दृष्टांत तुमच्याच पुढच्या वाक्याने खोटा ठरतो. सालीसकट तूर खाऊन आजवर कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. दृष्टांत चुकला की विद्यार्थी चुकीचीच गोष्ट लक्षात ठेवतात, हा माझा जुना अनुभव आहे.

किनवटची_लेक

शंकासुर दादा, मग बिब्ब्याचा दृष्टांत घ्या. आमच्याकडे जंगलातून बिब्बे आणून बायका ते फोडतात. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, बोटांवर फोड येतात, डाग वर्षभर जात नाहीत. त्याच बिब्ब्याच्या आत गोडंबी असते आणि ती बाळंतिणीच्या लाडवात घालतात. फळ एकच, फोडण्याआधी भाजणारे, फोडल्यावर पोसणारे. फोडणाऱ्या बाईच्या हातांचे काय होते ते मात्र कोणी विचारत नाही, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

पेशीप्रेमी

किनवटची_लेक, हा दृष्टांत माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला आहे. तूर मागे घेतो, बिब्बा पुढे करतो.

सर्पमित्र_धारूर

विषय एनजीएफचा निघालाच आहे तर त्याच्या शोधातली गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यात साप आहे.

रीता लेव्ही-मोंताल्चिनी या १९०९ साली इटलीतील तुरीन येथे जन्मलेल्या ज्यू वैज्ञानिक होत्या. १९३८च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा त्यांनी घरातील झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांच्या चेतापेशींचा अभ्यास सुरू ठेवला. युद्धानंतर त्या अमेरिकेतील सेंट लुईस येथे व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. तेथे त्यांना दिसले की उंदराच्या एका गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला की आसपासचे चेतातंतू तिच्या दिशेने झपाट्याने वाढतात. गाठीतून काहीतरी स्रवत होते. ते काय, हे शोधण्यासाठी स्टॅन्ली कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत आले.

तो पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल, हे ठरवायचे होते. सापाच्या विषात न्यूक्लिक आम्ले कापणारे विकर भरपूर असते, म्हणून कोहेन यांनी आपल्या अर्कात थोडे सर्पविष घातले. अपेक्षा अशी होती की पदार्थ न्यूक्लिक आम्ल असेल तर वाढ थांबेल आणि नसेल तर पूर्वीइतकीच राहील. झाले भलतेच, वाढ कित्येक पटींनी अधिक झाली. विषातच एनजीएफचा साठा होता! विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीचेच रूप, हे ध्यानात घेऊन पुढे उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या गेल्या आणि तेथेही तो मुबलक सापडला. दोघांना १९८६ साली नोबेल मिळाले. लेव्ही-मोंताल्चिनी २०१२ साली, वयाच्या १०३व्या वर्षी वारल्या.

म्हणजे हत्यार म्हणून आणलेल्या विकराच्या कुपीतच शोधायची वस्तू होती. मी गेली वीस वर्षे बालाघाटच्या डोंगरात साप सोडतो आहे. विषाविषयी कोणी कौतुकाने बोललेले ऐकले की बरे वाटते.

पेशीप्रेमी

सर्पमित्र, एक भर घालतो. उंदराच्या लाळग्रंथीत एनजीएफ एकटे नसते. ते तीन प्रकारच्या घटकांच्या जुडग्यात असते आणि त्यातला एक घटक स्वतः प्रथिने कापणारे विकर असतो. पक्का माल आणि कारागीर एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत.

वरणभात

तूर, बिब्बा आणि लाळ एकाच धाग्यात वाचून जेवणाची वेळ झाल्याचे लक्षात आले. मास्तरांचे आभार.

तेरणाकाठ

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, परंतु या विषयाशी आमचा संबंध फार कठीण मार्गाने आला, म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी पहाटे वडिलांचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात उचलेना. गावात सर्वांनी लकवा म्हणून ओळखले आणि लकव्याचे औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेण्याचा आग्रह धरला. त्याने कबुतराचे रक्त चोळले आणि नाकात कसला तरी रस सोडला. तेथून तालुक्याच्या ठिकाणी गेलो. तेथील खाजगी दवाखान्यात सलाईन लावून दोन तास बसवून ठेवले आणि सीटी स्कॅन येथे होत नाही हे शेवटी सांगितले. मोठ्या शहरात पोहोचलो तेव्हा सात तास उलटून गेले होते. तेथील तरुण डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आता त्याचा उपयोग नाही आणि धोका मात्र आहे.

नंतर मी वाचले तेव्हा कळले की ते इंजेक्शन म्हणजे टीपीए नावाचे विकरच आहे, जे आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एरवी स्वतः थोडे थोडे स्रवत असतात. मेंदूकडची मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब एका लेखात वाचला आणि त्या सात तासांचा गुणाकार मी केला. तो आकडा येथे लिहीत नाही.

वडील आता काठी घेऊन चालतात. बोलणे पूर्ण परतले नाही. मास्तर, आपल्या विद्यार्थ्यांना इतर काही नाही सांगितले तरी चालेल, पण तोंड वाकडे झाले की आधी सीटी स्कॅन जेथे आहे तेथे जायचे, एवढे सांगा.

उदगीरचा_मास्तर

तेरणाकाठ, हे मी नक्की सांगेन, आणि सोमवारपर्यंत थांबणार नाही.

शंकासुर

तेरणाकाठ यांच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट मांडतो, कारण धाग्याचा कल विकरांना देवपण देण्याकडे झुकतो आहे.

टीपीए गुठळी थेट विरघळवत नाही. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे सुप्त प्रथिन फिरत असते, टीपीए ते कापून त्यातून प्लाझ्मिन मोकळे करते आणि प्लाझ्मिन गुठळीतील फायब्रिनचे जाळे कापते. रक्तवाहिनीत हे ठीक आहे. परंतु टीपीए मेंदूच्या ऊतीत शिरले की त्याचे वागणे बदलते. ज्या उंदरांमध्ये टीपीएचे जनुकच काढून टाकले होते त्यांच्या मेंदूत, रक्तपुरवठा काही काळ तोडल्यावर, साध्या उंदरांपेक्षा कमी हानी झाली, असे १९९८ साली दाखवण्यात आले. त्याआधी १९९५ सालीही असे दिसले होते की अतिउत्तेजनाने चेतापेशी मारण्याचा प्रयोग टीपीए नसलेल्या उंदरांवर फारसा यशस्वी होत नाही. म्हणजे तेच विकर गुठळी फोडून चेतापेशी वाचवते आणि मेंदूत उतरून त्यांना मारायलाही हातभार लावते. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका आहे तो वेगळाच. म्हणूनच आधी स्कॅन करावा लागतो.

पेशीप्रेमी

शंकासुर यांचे म्हणणे मान्य आहे, पण टीपीएची दुसरी बाजूही त्यांनीच सांगायला हवी होती. २००४ साली असे दिसले की मेंदूच्या स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात चेतापेशींनी स्रवलेले टीपीए प्लाझ्मिन तयार करते, प्लाझ्मिन कच्च्या बीडीएनएफला कापून पक्के करते आणि दीर्घकाळ टिकणारे स्मृतीचे बदल त्यावर अवलंबून असतात. किती, कोठे आणि किती वेळ, यावर सगळे ठरते. मिठासारखेच.

तुती_रेशीम

आमच्याकडे तुतीची दीड एकर लागवड आहे आणि कोष जालन्याच्या बाजारात जातात. धागा वाचताना एक आठवले. कोषातील पतंग बाहेर येताना तोंडातून एक द्राव सोडतो, त्याने रेशीम मऊ पडते आणि तो वाट काढतो. प्रशिक्षणात सांगितले होते की त्या द्रावातही विकरच असते. आमच्यासाठी ते नुकसान, कारण फुटलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही. पतंगासाठी तोच जन्म.

विचारायचे होते ते वेगळेच. गुडघ्याच्या सुजेवर डॉक्टरांनी मला सेराशिओपेप्टिडेजच्या गोळ्या दिल्या होत्या. औषधांच्या दुकानदाराने सांगितले की हे रेशीमकिड्याचे विकर आहे आणि ते मेंदूच्या नसांनाही चांगले. आमच्या सासूबाई अलीकडे फार विसरतात. त्यांना द्यावे का?

पेशीप्रेमी

ताई, देऊ नये. ते रेशीमकिड्याचे विकर नाही. रेशीमकिड्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूचे ते आहे, एवढाच त्याचा रेशमाशी संबंध. विकर हे प्रथिन असते. तोंडावाटे घेतलेले प्रथिन जठरात आणि आतड्यात पचते, म्हणून विकराच्या गोळीला आतड्यात फुटणारे आवरण द्यावे लागते. त्यातून निसटून थोडे रक्तात गेले, तरी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की एवढा मोठा रेणू त्यांतून सहसा पार होत नाही.

विस्मरणाशी संबंध असलेले स्रवणारे विकर शरीरात आहे खरे. मेंदूतील साफसफाई करणाऱ्या सूक्ष्मश्लेषपेशी इन्शुलिन-विघटक विकर बाहेर सोडतात आणि अल्झायमरमध्ये साचणाऱ्या बीटा-ॲमिलॉइड या प्रथिनाचे तुकडे करण्यात त्याचा वाटा आहे. पण ते मेंदूने स्वतः स्रवायचे असते. दुकानातून आणता येत नाही. सासूबाईंचे थायरॉइड आणि बी-१२ तपासले आहे का? विस्मरणाची ही दोन कारणे बरी होण्यासारखी असतात.

तुती_रेशीम

तपासले नाही. या आठवड्यात नेते. आभारी आहे.

भूलतज्ज्ञ_नांदेड

चेतापेशींचे रक्षण करणारे एक स्रवणारे विकर आम्ही रोज विचारात घेतो, आणि त्याचा उल्लेख अद्याप आला नाही, म्हणून लिहितो.

चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यात ॲसिटिलकोलीन हा संदेशवाहक सुटतो. त्याचे काम झाले की सांध्यातच नांगरून ठेवलेले ॲसिटिलकोलीनएस्टरेज त्याला क्षणार्धात कापते. कापले नाही तर संदेश संपतच नाही. कपाशीवर फवारणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके हेच विकर बंद पाडतात. मग बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घाम वाहतो, छातीत पाणी भरते, झटके येतात, श्वसनाचे स्नायू थकून थांबतात. झटके लांबले तर मेंदूतील चेतापेशीही मरतात. पावसाळ्यात फवारणी सुरू झाली की असे रुग्ण येतात. काही अपघाताने विष अंगात गेलेले असतात. काहींनी ते हेतुपुरस्सर घेतलेले असते आणि त्यांच्या घरातील शांतता वेगळीच असते.

या ठिकाणी दुसरे विकर उभे राहते. यकृत ब्युटिरिलकोलीनएस्टरेज नावाचे जवळचे भावंड तयार करून रक्तात सोडते. विषाचे रेणू सांध्यापर्यंत जाण्याआधी ते स्वतःला चिकटवून घेते. एका विकर-रेणूने एकच विष-रेणू अडवायचा आणि स्वतः निकामी व्हायचे, असा हा व्यवहार असल्याने साठा लवकर संपतो. विषबाधेत रक्तातील कोलीनएस्टरेजची पातळी तपासतात ती बहुधा याच विकराची.

आमच्या भागात याचे आणखी एक कारण आहे. आंध्र-तेलंगणाकडील आर्य वैश्य समाजात हे विकर जन्मतः अत्यल्प असणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले आहे आणि नांदेड-देगलूर पट्ट्यात हा समाज मोठा आहे. एरवी अशा व्यक्तीला काहीही त्रास नसतो. मात्र भूल देताना स्कोलीन नावाचे स्नायू शिथिल करणारे औषध दिले, तर ज्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरायला हवा तो कित्येक तास टिकतो आणि तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. म्हणून भुलेआधी 'घरात कोणाला शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर यायला फार वेळ लागला होता का' असे आम्ही विचारतो, तेव्हा कृपया चिडू नका.

सर्पमित्र_धारूर

डॉक्टरसाहेबांनी सांध्याचा विषय काढला म्हणून माझीच वरची गोष्ट जरा खाली आणतो, नाहीतर शंकासुर ती आणतीलच. मण्यारीच्या विषात फॉस्फोलायपेज गटाची विकरे असतात आणि ती नेमकी त्याच सांध्यातील चेतातंतूंची टोके उद्ध्वस्त करतात. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, फार दुखत नाही, आणि सकाळी पापण्या उघडत नाहीत. टोके एकदा नष्ट झाली की प्रतिविषाने ती परत येत नाहीत. नवी फुटेपर्यंत माणसाला कृत्रिम श्वासावर टिकवावे लागते. तेव्हा जमिनीवर झोपणाऱ्यांनी किमान मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

अनामिका_बीड

खूप दिवस नुसती वाचक होते. आज लिहिते आहे.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. दीड वर्षाचा होईपर्यंत चालत होता, नंतर पडू लागला, नंतर बसणेही गेले. एका दवाखान्यात मूल आळशी आहे म्हणून सांगितले, दुसऱ्या ठिकाणी कॅल्शियम दिले. वर्षभराने मुंबईत निदान झाले, मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी. ॲरिलसल्फाटेज-ए नावाचे विकर त्याच्या पेशींत नाही, त्यामुळे एक प्रकारचा मेद साचतो आणि चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण नष्ट होते, असे सांगितले. माझे लग्न मामाच्या मुलाशी झाले आहे. आमच्याकडे ते रीतीचे मानतात.

मला सहानुभूती नको आहे, ती खूप मिळाली. मला एवढेच समजून घ्यायचे आहे. पेशीप्रेमी, तुम्ही म्हणता विकर पेशीबाहेर येते. मग दुसऱ्याच्या पेशीतले विकर माझ्या मुलाच्या पेशीला का मिळत नाही?

पेशीप्रेमी

ताई, दोन दिवस विचार करून लिहितो आहे. आपला प्रश्न नेमका तोच आहे ज्यावर हे सगळे शास्त्र उभे राहिले.

पेशीत लयकारिका नावाच्या पिशव्या असतात. टाकाऊ रेणू मोडण्याची विकरे त्यांत साठवलेली असतात. बहुतेक विकर पिशवीत जाते, पण काही भाग पेशीबाहेर सांडतो. १९६८ साली एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या साठवण-आजारांच्या रुग्णांच्या त्वचापेशी एकाच बशीत वाढवल्या. एकीकडे एक विकर नव्हते, दुसरीकडे दुसरे. दोन्ही आजारी पेशी एकमेकींच्या सोबतीने सुधारल्या! जे एकीने सांडले ते दुसरीने उचलले. पेशीच्या पृष्ठभागावर अशी सांडलेली विकरे ओळखून आत घेणारे ग्राही असतात, हे पुढे उलगडले. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत सावड करतात, आज तुमच्या शेतात माझे बैल आणि उद्या माझ्या शेतात तुमचे, तसेच हे आहे.

फळमाशीच्या डोळ्यातही हे दिसले आहे. सेरामाइड नावाचा मेद साचला की तिच्या प्रकाशग्राही चेतापेशी मरू लागतात. सेरामाइड मोडणारे सेरामिडेज हे विकर डोळ्यापासून दूरच्या ऊतीत तयार करवले, तरी ते स्रवून शरीरद्रवातून डोळ्यापर्यंत गेले आणि त्या पेशी टिकल्या. शेजारीच काय, परगावची सावडही चालते.

मग आपल्या मुलाला ते का मिळत नाही? कारण त्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत तेच जनुक बिघडलेले आहे. सांडण्यासाठी कोणाकडेच विकर नाही. बाहेरून रक्तात दिले तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत आड येते. सीएलएन-२ प्रकारच्या बॅटन आजारात, म्हणजे विकराअभावी होणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या आजारात, याच कारणासाठी विकर थेट मेंदूतील पोकळीत सोडतात. त्या उपचाराला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्या मुलाच्या आजारावर दुसरा मार्ग काढला गेला. रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून त्यांत चांगले जनुक घालतात आणि परत देतात. त्यांपासून बनलेल्या काही पेशी मेंदूत शिरून स्थिरावतात आणि तेथे विकर स्रवत राहतात. युरोपात २०२० साली आणि अमेरिकेत २०२४ साली याला मान्यता मिळाली. अमेरिकेतील किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर आहे. आणि हे लिहिताना हात जड होतो, पण लपवणे योग्य नाही: लहान वयात सुरू होणाऱ्या प्रकारात हा उपचार लक्षणे दिसण्यापूर्वी दिला तरच उपयोगी ठरतो. गेलेले मायलिन तो परत आणत नाही.

आपण आणि आपले पती दोघेही वाहक (बिघडलेल्या जनुकाची एक प्रत असलेले, पण स्वतः निरोगी) असल्याने प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मुलाचा जनुकीय अहवाल हाती असेल तर पुढच्या वेळी पहिल्या तीन-चार महिन्यांतच तपासणी करता येते. दिराच्या किंवा भावाच्या घरातही नात्यात लग्न ठरत असेल, तर त्यांनाही हे कळू द्यावे. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक आहे. आपल्या मुलाच्या टप्प्यावर त्यातून काय मिळू शकते, हे तेथील डॉक्टरच सांगू शकतील.

अनामिका_बीड

समजले. आजवर कोणी असे बसून सांगितले नव्हते. नणंदेच्या मुलीचे लग्न माझ्या धाकट्या दिराशी ठरवण्याचे घरात चालले आहे. हा धागा आज रात्री सासऱ्यांना वाचून दाखवणार आहे.

तेरणाकाठ

ताई, वाचून दाखवा. ऐकले नाही तर पुन्हा दाखवा.

मोसंबी_बागायतदार

मी सुरुवातीला फार हलके लिहून गेलो होतो. सल काढणे एवढेच या विषयात नाही, हे कळले.

उदगीरचा_मास्तर

आज सोमवार. वर्गात बिब्बा नेला होता, फोडला नाही. विकर निरोप कापते, गुठळी कापते, साचलेला कचरा कापते, विष स्वतःवर घेते, पण चेतापेशीला हात लावत नाही. आणि लावले तर काय होते ते मण्यारीकडून कळते, असे सांगितले. सावडीची गोष्ट सांगितल्यावर निम्म्या वर्गाने मान डोलावली, कारण त्यांच्या घरी अजून ती चालते. तेरणाकाठ यांचा अनुभव, नाव न सांगता, शुक्रवारीच सांगितला होता.

ती मुलगी उठून म्हणाली, "सर, मिलमध्ये पातं चालू करणाऱ्यापेक्षा बंद करणारा माणूस महत्त्वाचा असतो. इथं बंद कोण करतंय?"

शंकासुर, हा तुमच्या वाटणीचा प्रश्न आहे. या वेळी घंटाही झाली नव्हती.

शंकासुर

मुलीला माझा नमस्कार सांगा. बंद करणारेही स्रवतात. चेतापेशी न्यूरोसर्पिन नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. ते टीपीएला आमिष दाखवते, टीपीए त्याला कापायला जाते आणि कापताना त्याच्यातच अडकून निकामी होते. उंदीरघुशींच्या सापळ्यासारखी रचना आहे. काही कुटुंबांत न्यूरोसर्पिनचे जनुक बिघडलेले असते. तेव्हा हे सापळे तयार झाल्यावर एकमेकांतच गुंततात, बाहेर न पडता चेतापेशीच्या आत गोळे होऊन साचतात, आणि माणसाला तरुण किंवा मध्यम वयात झटके येऊ लागतात व स्मृतिभ्रंश होतो. १९९९ साली हा आजार ओळखला गेला.

तिने यापुढचा प्रश्न विचारला तर मला आधी दोन दिवसांची सवलत द्यावी.